गढूळ रसातली गणती

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने पटापट मरू लागली. काखेत आणि जांघेत गाठी येत होत्या. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे निदान केले. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत कामाला लागले. प्लेगचा जिवाणू अलेक्झांडर येरसिन यांनी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये ओळखला होता. हाफकिन यांना मेलेल्या जिवाणूंची लस बनवायची होती. त्यासाठी आधी हा जिवाणू वाढवायला हवा होता, आणि एवढ्या मोठ्या शहरासाठी तो बाटल्याच्या बाटल्या भरून हवा होता.

त्यांनी बकऱ्याच्या मांसापासून पोषक रस तयार केला, तो चंबूंत भरला आणि वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडले. प्लेगच्या जिवाणूला हवा मानवते आणि चिकटायला आधार असला की तो चांगला वाढतो. तरंगणाऱ्या स्निग्ध थेंबाखाली दोन्ही मिळत. थेंबांखालून जिवाणूंचे पांढुरके लोलक खाली वाढू लागत, चुनखडीच्या गुहेत छतापासून वाढतात तसे. चंबूला जरा धक्का लागला की ते तुटून तळाशी बसत. म्हणून चंबू हलू द्यायचे नाहीत, आणि काही दिवसांनी मुद्दाम हलवून लोलक पाडायचे, की वर नवे पीक धरते. असे काही आठवडे चाले. या जिवाणूला साधारण २८ अंश सेल्सिअसची ऊब मानवते, आणि मुंबईची हवा ती फुकट पुरवत होती. शेवटी रस तापवून जिवाणू मारायचे आणि लस बाटल्यांत भरायची. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

या धाडसाची गोष्ट सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. पण मला त्या चंबूंपाशी जास्त वेळ थांबावेसे वाटते. तिथे उभ्या असलेल्या माणसापुढे दोन प्रश्न होते. जिवाणू वाढला म्हणजे नेमके काय झाले? आणि किती वाढला हे कसे कळायचे? आज औषधाच्या कारखान्यात, दूध डेअरीत, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आणि क्षयरोगाच्या दवाखान्यात रोज हेच दोन प्रश्न विचारले जातात.

माणसाचे मूल वाढते म्हणजे त्याची उंची आणि वजन वाढते. एकट्या जिवाणूची अशी वाढ फार थोडी होते. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे असे पाचशे जिवाणू एका ओळीत ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. तो खातो, लांब होतो, त्याच्या मध्यावर एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे तयार होते, तिथे आडवी भिंत बांधली जाते आणि एकाचे दोन होतात. आई मागे उरत नाही, दोघेही नवेच. म्हणून जिवाणूंची वाढ म्हणताना आपण एका जिवाणूबद्दल बोलत नसतो, संख्येबद्दल बोलत असतो.

भरपूर खाणे आणि ३७ अंशांची ऊब मिळाली तर ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. हा आकडा पाठ्यपुस्तकांत इतक्यांदा येतो की त्यातली अडचण पटकन लक्षात येत नाही. दोन होण्याआधी जिवाणूला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. हा डीएनए सुमारे ४६ लाख अक्षरांचा असतो. नक्कल एका ठिकाणी सुरू होऊन दोन्ही दिशांनी धावते, आणि प्रत्येक बाजू सेकंदाला साधारण एक हजार अक्षरे उतरवते. हिशोब केला तर पूर्ण नकलेला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. मग चाळीस मिनिटांचे काम ज्याला करायचे आहे तो वीस मिनिटांत दोन कसा होतो?

स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये याचे उत्तर मांडले. घाईत असलेला जिवाणू पहिली नक्कल पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. ती अर्ध्यात असतानाच दुसरी सुरू करतो आणि कधी तिच्याही पुढची. त्यामुळे नळीत भराभर वाढणारा जिवाणू जन्मतो तेव्हा त्याच्या नातवंडांच्या डीएनएची नक्कल आधीच चालू झालेली असते. सूक्ष्मजीवशास्त्रातले इतके देखणे उत्तर माझ्या पाहण्यात दुसरे नाही. वेग वाढवायला जिवाणूने यंत्र बदलले नाही, कामे एकावर एक चढवली. कोपनहेगनमध्ये शेख्टर, मोले आणि केल्डगार्ड यांनी त्याआधीच, १९५८ मध्ये, दाखवून दिले होते की वेगाने वाढणारे जिवाणू आकारानेही मोठे असतात आणि त्यांच्यात प्रथिने बनवणारी यंत्रणा जास्त असते. म्हणजे किती वेगाने वाढतो यावरून जिवाणू आतून कसा आहे हेही ठरते.

आता दुपटीचा हिशोब शेवटपर्यंत नेऊन पाहू. वीस मिनिटांना एक दुप्पट, तर चोवीस तासांत ७२ दुपटी. एका जिवाणूचे वजन एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग धरला तरी दिवसअखेर त्याच्या संततीचे वजन सुमारे ४,७०० टन भरते. दुसऱ्या दिवसाअखेर ते पृथ्वीच्या वजनाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक होते. असे कुठेही होत नाही हे उघड आहे. तेव्हा जिवाणू इतक्या वेगाने कसे वाढतात यापेक्षा त्यांना कोण आणि कधी थांबवते हा प्रश्न मोठा आहे.

दूध कोमट करून त्यात विरजण घातले की हा सगळा प्रवास आपल्या स्वयंपाकघरात घडतो. पहिला काही काळ दुधात काही बदल दिसत नाही. जिवाणू आलेले असतात, पण नव्या जागेत नवे अन्न पचवायची तयारी करत असतात. संख्या हलत नाही. या टप्प्याला मंद अवस्था म्हणतात. विरजण जुने आणि आंबट झालेले असेल तर हा टप्पा लांबतो, कारण त्यातले जिवाणू उपासमारीत आणि आम्लात राहून आलेले असतात. थंडीत दही लागायला उशीर होतो तो ऊब कमी पडून प्रत्येक टप्पा संथ झाल्यामुळे. तयारी झाली की दुपटीचा टप्पा सुरू होतो. दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल होत जाते, सामू ४.६ च्या आसपास उतरतो आणि दुधातले केसिन प्रथिन घट्ट होते: दही लागले. यानंतर वाढ थांबते, तीही अन्न संपण्याआधीच. आपणच तयार केलेल्या आम्लात जिवाणूंना पुढे वाढता येत नाही. ही स्थिर अवस्था. ते दही तसेच बाहेर ठेवले तर काही दिवसांत जिवाणू मरू लागतात.

दुपटीच्या टप्प्यात संख्या कागदावर मांडली तर रेघ आधी सपाट आणि मग एकदम उभी चढते. तिच्यावरून काही वाचता येत नाही. तीच संख्या लॉगरिदमच्या कागदावर मांडली की सरळ तिरकी रेघ मिळते, आणि रेघेचा चढ मोजला की दुपटीचा काळ हातात येतो. जिवाणूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दर वीस मिनिटांनी नळीतून नमुना काढून ही रेघ आखायला लावतात. दिवसभर प्रयोगशाळेत अडकून पडावे लागते, जेवायचीही पंचाईत होते. तरी हा प्रयोग कधीही गाळू नये असे माझे ठाम मत आहे. कारण याच रेघेतून विसाव्या शतकातल्या एका मोठ्या शोधाला सुरुवात झाली.

पॅरिसमध्ये १९४० च्या सुमारास जाक मोनो नावाचा तरुण संशोधक सोरबोनमध्ये जिवाणूंच्या वाढीच्या रेघा आखत होता. युद्ध चालू होते आणि शहर जर्मनांच्या ताब्यात होते. वरवर पाहता काम रटाळ होते: रसात वेगवेगळ्या साखरा घालायच्या आणि गढूळपणा मोजत राहायचे. दोन साखरा एकत्र दिल्यावर काही जोड्यांत नेहमीसारखी एकच चढती रेघ आली. पण ग्लुकोजबरोबर काही विशिष्ट साखरा दिल्या की रेघ चढली, अचानक आडवी झाली, काही वेळ तशीच राहिली आणि पुन्हा चढली. मोनोने हे आन्द्रे ल्वोफ या ज्येष्ठ संशोधकाला दाखवले. ल्वोफचा अंदाज असा की जिवाणू गरजेप्रमाणे नवी विकरे तयार करतात त्याचा याच्याशी संबंध असावा.

तो अंदाज खरा ठरला. जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात. ते संपेपर्यंत दुसरी साखर पचवणारी विकरे तयारच करत नाहीत, कारण न लागणारी विकरे बनवण्यात शक्ती वाया जाते. रेघ आडवी राहते तो काळ त्या विकरांची जुळवाजुळव करण्यात जातो. साखर दिसली की चालू होणारी आणि नसली की बंद राहणारी जनुके असतात, हे मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी पुढच्या वीस वर्षांत उलगडले. १९६५ चे नोबेल पारितोषिक मोनो, जाकोब आणि ल्वोफ या तिघांना मिळाले. जनुक कधी बोलते आणि कधी गप्प राहते, या आजच्या सगळ्या शास्त्राची एक मोठी वाट अशी नळीतल्या गढूळपणाच्या मोजमापातून निघाली. मोजणी ही शोधाच्या आधीची हमाली आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मोनोची ती मोडलेली रेघ एकदा जरूर पाहावी.

मोनो संख्या कशी मोजत होता? तो जिवाणू मोजत नव्हताच; रसातून किती प्रकाश आरपार जातो ते मोजत होता. रस स्वच्छ असेल तर प्रकाश सरळ पलीकडे जातो, जिवाणू असतील तर त्यांच्यावर आपटून विखुरतो. आज हे काम स्पेक्ट्रोफोटोमीटर करतो आणि त्यासाठी बहुतेक वेळा ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, कारण पिवळसर पोषक रस स्वतः तो प्रकाश फारसा शोषत नाही. पद्धत झटपट आहे, नळी उघडावीही लागत नाही. पण तिच्या मर्यादा ध्यानात ठेवल्या नाहीत तर ती फसवते. रस फार दाट झाला की प्रकाश एका जिवाणूवरून दुसऱ्यावर आपटत राहतो आणि आकडा संख्येच्या प्रमाणात वाढेनासा होतो. तेव्हा रस पातळ करूनच मोजावा लागतो. मेलेला जिवाणूही जिवंताइतकाच प्रकाश अडवतो. आणि डोळ्यांना गढूळपणा दिसायला लागतो तोवर एका मिलिलिटरमध्ये कोटीच्या घरात जिवाणू झालेले असतात. काचेच्या पेल्यातले पाणी नितळ दिसत असूनही त्यात दर मिलिलिटरला काही लाख जिवाणू असू शकतात. पाण्याची परीक्षा डोळ्यांनी करता येत नाही ती यामुळे.

लस बनवणाऱ्यांना हा आकडा तातडीने हवा होता. टोचायच्या मात्रेत किती जिवाणू आहेत हे माहीत नसेल तर एकाला थोडी आणि दुसऱ्याला जास्त लस जाते. विषमज्वराच्या लसीवर काम करणारे आल्मरॉथ राइट यांनी एक युक्ती काढली. जिवाणूंचा रस आणि माणसाचे रक्त सारख्या प्रमाणात मिसळायचे, काचपट्टीवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी किती आणि जिवाणू किती हे मोजायचे. निरोगी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये तांबड्या पेशी सुमारे पन्नास लाख असतात हे ठाऊक होते, त्यावरून जिवाणूंची संख्या निघे. अमेरिकेत जोसेफ मॅकफार्लंड यांनी १९०७ मध्ये याहून सोपा मार्ग सुचवला. बेरियम क्लोराइडच्या द्रावणात सल्फ्युरिक आम्ल मिसळले की पांढरा गढूळपणा येतो. दोन्हींचे प्रमाण ठरवून कमीजास्त गढूळ नळ्यांची मालिका करायची आणि आपली नळी त्यांच्या शेजारी धरून ताडून पाहायची.

ही युक्ती शंभर वर्षांनंतरही चालू आहे. लघवीत किंवा जखमेत सापडलेल्या जिवाणूवर कोणते प्रतिजैविक चालेल हे पाहताना तंत्रज्ञ जिवाणूंचा रस मॅकफार्लंडच्या ०.५ क्रमांकाच्या नळीइतका गढूळ करून घेतो. त्यात दर मिलिलिटरला साधारण पंधरा कोटी जिवाणू असतात. मग तो रस घट्ट पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरून औषधाच्या चकत्या ठेवतात आणि चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ केवढे ते पाहतात. रस जास्त दाट घेतला तर हे रिकामे वर्तुळ लहान येते आणि चांगले औषध निरुपयोगी वाटू शकते. उजेडात दोन नळ्या शेजारी धरून पाहण्याच्या या साध्या कृतीवर रुग्णाचे औषध अवलंबून असते.

जिवंत किती, या प्रश्नाला मात्र गढूळपणा उत्तर देत नाही. त्यासाठी जिवाणूंनाच वाढून दाखवायला लावावे लागते. रॉबर्ट कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जिवाणू वाढवले. घट्ट पृष्ठभागावर एक जिवाणू एकटा पडला तर तो हलू शकत नाही. त्याची सगळी संतती तिथेच साचते आणि काही तासांनी डोळ्यांना ठिपका दिसतो. हा ठिपका म्हणजे वसाहत, प्रयोगशाळेच्या भाषेत कॉलनी. पण बटाट्यावर सगळे जिवाणू वाढत नाहीत. मग कॉख जिलेटिनकडे वळले. जिलेटिन उन्हाळ्यात वितळे, ३७ अंशांना तर टिकतच नसे, आणि काही जिवाणू ते खाऊनही टाकत. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे या त्रासाने वैतागले होते. त्यांची पत्नी फॅनी हेसे घरी जेली करताना अगार वापरत असे. ही वस्तू तिला न्यूयॉर्कमध्ये असताना जावाहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून कळली होती. आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते तेच हे. अगार सुमारे ८५ अंशांना वितळते, पण एकदा गोठले की ३७ अंशांच्या उबेत घट्ट राहते, आणि बहुतेक जिवाणूंना ते पचत नाही. कॉख यांनी १८८२ च्या आपल्या निबंधात अगारचा उल्लेख केला, फॅनीचा केला नाही. जगातल्या प्रत्येक जिवाणू प्रयोगशाळेत रोज हाताळली जाणारी ही वस्तू तिच्यामुळे आली, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापले गेले पाहिजे. झाकण असलेली उथळ काचेची ताटली, म्हणजे आजची प्लेट, पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, ज्युलियस पेट्री यांनी दिली आणि तिला त्यांचे नाव मिळाले.

मोजणी अशी चालते. एक मिलिलिटर नमुना नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घालायचा, त्यातला एक मिलिलिटर पुन्हा नऊमध्ये, असे सहा वेळा. शेवटच्या नळीतला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरून रात्रभर उबवायचा. सकाळी ८४ कॉलनी आल्या तर मूळ नमुन्यात दर मिलिलिटरला ८४ कोटी. तीसपेक्षा कमी कॉलनी आल्या तर योगायोगाचा भाग फार होतो, तीनशेपेक्षा जास्त आल्या तर त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून या दोन आकड्यांच्या मधलीच प्लेट मोजायची. अहवालात आकड्यापुढे जिवाणू असे न लिहिता सीएफयू लिहितात, म्हणजे कॉलनी करू शकणारे घटक. यात मोठा प्रामाणिकपणा आहे. स्टॅफिलोकॉकस घोसाने राहतो आणि दहाजणांच्या घोसाचीही कॉलनी एकच येते.

ही मोजणी लवकरच लोकांच्या जगण्यामरण्याशी जोडली गेली. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे मेली. शेजारचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, पण वाळूतून गाळून, आणि ते जवळजवळ वाचले. दोन शहरांची हद्द ज्या रस्त्यांवरून जात होती तिथे एका बाजूला पटकी होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती. गाळलेल्या पाण्यात दर मिलिलिटरला शंभरापेक्षा जास्त जिवाणू नसावेत असा दंडक कॉख यांनी यानंतर सुचवला. भारताच्या आजच्या पेयजल मानकात सगळे जिवाणू मोजण्यापेक्षा मैलापाण्याची खूण शोधण्यावर भर आहे: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळताच कामा नये. गावोगावी पाणी तपासताना कागदाची पट्टी असलेली छोटी बाटली वापरतात आणि पाणी दूषित असेल तर ती काळी पडते. आतड्यातले कित्येक जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याने काळा रंग येतो. ही सोपी चाचणी भारतीय शास्त्रज्ञ मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली.

प्लेटवरच्या आकड्यालाही एक मोठे भोक आहे. मातीचा किंवा समुद्राच्या पाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली मोजला आणि तोच प्लेटवर वाढवला तर कॉलनी कित्येकदा शंभरात एकही येत नाही. स्टॅली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्ये या तफावतीला प्लेटमोजणीची महान विसंगती असे नाव दिले. बाकीचे मेलेले नसतात. त्यांना हवे ते अन्न, हवा तो शेजार आणि हवा तेवढा वेळ आपण देऊ शकत नाही, एवढेच.

डेअरीत वेळच नसतो. दुधाचा टँकर दारात उभा असताना रात्रभर प्लेट उबवून चालत नाही. तिथे जिवाणू न मोजता त्यांचा श्वास मोजतात. १० मिलिलिटर दुधात एक मिलिलिटर मेथिलिन ब्लूचे द्रावण घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवतात. जिवाणू दुधात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि तो संपला की निळा रंग उडून दूध पुन्हा पांढरे होते. जिवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर जातो. कच्च्या दुधाचा रंग पाच तास टिकला तर प्रत फार चांगली, तीन-चार तास टिकला तर चांगली, तासा-दोन तासांत गेला तर बेताची, आणि अर्ध्या तासात गेला तर वाईट. धार काढल्यावर दूध लगेच थंड केले होते की बादली उन्हात राहिली होती, भांडे नीट घासले होते की नाही, हे सगळे त्या निळ्या रंगात उतरते. ही चाचणी मला आवडते ती शेतकऱ्याला आणि डेअरीला एकच गोष्ट डोळ्यांसमोर दिसते म्हणून. पण आता दूध गावातच चार अंशांपर्यंत थंड होते, आणि थंडीतही वाढणारे काही जिवाणू हा रंग फार संथपणे घालवतात. त्यांच्या बाबतीत रंग टिकला म्हणजे दूध उत्तम, असे म्हणता येत नाही.

या सगळ्या पद्धती धाटणीने वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. जुळायला हवीत असा हट्ट धरणे चूक आहे. प्रकाश विचारतो की रसात कण किती. प्लेट विचारते की इथे, या अन्नावर, एवढ्या वेळात संतती वाढवू शकणारे किती. रंग विचारतो की श्वास किती जोरात चालू आहे. हातात आकडा आला की तो कोणत्या प्रश्नाचा आहे हे आधी पाहावे.

जिवाणूच संथ असेल तर हे प्रश्न कसोटीला लागतात. क्षयाचा जिवाणू अठरा ते चोवीस तासांनी एकदा दुप्पट होतो. एका ई. कोलायचे दहा लाख व्हायला, म्हणजे वीस दुपटींना, सुमारे पावणेसात तास लागतात. क्षयाच्या जिवाणूला त्याच वीस दुपटींना दोन ते तीन आठवडे लागतात. कॉख यांनी गोठवलेल्या रक्तद्रवावर तो वाढवायला ठेवला तेव्हा पहिल्या आठवड्यात काहीही दिसले नाही. इतर जिवाणूंच्या हिशोबाने त्या नळ्या टाकूनच द्यायला हव्या होत्या. कॉख यांनी त्या ठेवल्या, दुसऱ्या आठवड्यात बारीक ठिपके दिसू लागले आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी क्षयाचा जिवाणू जगापुढे ठेवला. कुष्ठरोगाचा जिवाणू याहूनही संथ आहे. त्याला एकदा दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. हानसेन यांनी तो १८७३ मध्ये पाहिला, पण आजही तो कोणत्याही प्लेटवर वाढत नाही. १९६० मध्ये शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला, तेव्हा कुठे त्याच्यावर औषधे पारखून पाहता येऊ लागली.

संथपणामुळे क्षयाचा उपचारही लांबतो. पेनिसिलिनसारखी औषधे वाढत असलेल्या जिवाणूलाच मारतात, हे १९४० च्या दशकातच कळले होते. डब्लिनमध्ये जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये दाखवले की पेनिसिलिनने संवर्धनातले जवळजवळ सगळे जिवाणू मेले तरी थोडे उरतात. ते औषधाला सरावलेले नसतात. त्या वेळी वाढत नसतात, म्हणून वाचतात. क्षयाच्या रुग्णाच्या फुप्फुसात असे थांबलेले जिवाणू पुष्कळ असतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, बरे वाटते, आणि गोळ्या मात्र सहा महिने घ्याव्या लागतात. गोळ्या सोडून देणाऱ्यावर रागावण्यापेक्षा त्याला हे समजावून सांगावे.

आता थुंकीचा नमुना अंड्यापासून केलेल्या हिरव्या माध्यमावर ठेवून आठ आठवडे वाट पाहण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी एमजीआयटी नळी वापरतात. तिच्या तळाशी असा पदार्थ असतो की आसपास प्राणवायू असेपर्यंत तो चमकत नाही. जिवाणू प्राणवायू वापरू लागले की तो चमकू लागतो. यंत्र दर तासाला नळ्या तपासते आणि चमक आकड्यात मांडते. बेचाळीस दिवसांत चमक आली नाही तर नमुना नकारात्मक धरतात. तत्त्व डेअरीतल्या निळ्या रंगाचेच आहे, फक्त इथे तासांचे दिवस झाले आहेत.

रुग्णाच्या जिवाणूवर एखादे औषध चालते की नाही हेही याच नळ्यांत ठरते. एका नळीत औषध आणि रुग्णाचे जिवाणू घालतात. दुसऱ्या नळीत औषध नसते आणि जिवाणू शंभरपट पातळ करून घातलेले असतात, म्हणजे पहिल्या नळीच्या फक्त एक टक्का. या पातळ नळीचा आकडा ४०० ला पोचला की औषधाच्या नळीचा आकडा वाचतात. तो १०० किंवा त्याहून जास्त असेल, तर शंभरातला किमान एक जिवाणू औषधाला न जुमानता वाढतो आहे असा अर्थ होतो. एवढे प्रमाण त्या औषधाने उपचार फसायला पुरेसे मानले जाते. तेव्हा अहवालात त्या औषधापुढे रेझिस्टंट असे लिहितात आणि डॉक्टर दुसरी औषधे निवडतात.